टास्क मॅनेजर ३५ टक्के, रीपर ९० टक्के: नवा लॅपटॉप घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याजवळच्या एका आरती मंडळाचं रेकॉर्डिंग चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) पुरं करायचं आहे. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २२ ट्रॅक झालेत: दोन घुमटं (कातडं लावलेलं मडक्यासारखं गोव्याचं तालवाद्य), शामेळ आणि कासाळं (घुमटाच्या साथीची तालवाद्यं), पेटी, मुख्य गायक आणि बाकी सगळा कोरस. लॅपटॉप विंडोजचा, रॅम ८ जीबी, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ९६ किलोहर्ट्झ, बफर (एका खेपेला हाताळायचा आवाजाचा तुकडा) ६४ नमुन्यांचा. नवा आवाज घ्यायला गेलं की रीपरचा मीटर ९० च्या वर जातो, हेडफोनमध्ये चरचर सुरू होते आणि कधी कधी ती रेकॉर्डिंगमध्येही उतरते. विंडोजचा टास्क मॅनेजर मात्र ३५ टक्क्यांवर शांत आहे. ट्रॅकवर लावलेल्या प्लगइनची (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) यादीही सोबत आहे. दुकानदाराचं म्हणणं, प्रोसेसर कमी पडतो, नवीन मशीन घ्या. घ्यायचं का?

आत्ता तरी घेऊ नका. तुम्ही दिलेल्या माहितीत सॅम्पल रेट आणि बफर हे दोन आकडे असे आहेत की त्यावर कुठलंही मशीन अडखळेल. ते बदलून पाहिल्याशिवाय ५०–६० हजार घालवणं चुकीचं ठरेल. ही चूक मी स्वतः केलेली आहे, ती पुढे सांगतो.

आधी टास्क मॅनेजर आणि रीपर यांच्यातला फरक समजून घ्या, कारण सगळी गाठ तिथेच आहे. टास्क मॅनेजर सांगतो की प्रोसेसरचे सगळे कोर मिळून सरासरी किती काम करताहेत. आठ धाग्यांचा (एका वेळी आठ कामं चालवणारा) प्रोसेसर असेल आणि त्यातला एकच धागा जीव तोडून धावत असेल, तर बाकीचे सात बसून राहिल्यामुळे सरासरी कमीच दिसणार. रीपरचा मीटर वेगळी गोष्ट मोजतो. ठरलेल्या वेळात आवाजाचा पुढचा तुकडा तयार झाला की नाही, एवढंच त्याला पाहायचं असतं. तबलजीचा हात कितीही तयार असू दे, समेवर आला नाही तर बैठक मोडतेच. संगणकाला ही सम दर बफरला गाठावी लागते.

तुमची सम किती लवकर येते ते मोजू. ९६ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ९६,००० नमुने. बफर ६४ नमुन्यांचा. ६४ भागिले ९६,००० केलं की येतात ०.६७ मिलिसेकंद. एवढ्या वेळात २२ ट्रॅक, त्यांचे सगळे प्लगइन आणि मास्टर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तो शेवटचा ट्रॅक), सगळं उरकून इंटरफेसच्या (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या डब्याच्या) हाती द्यायचं. तेवढ्यात वाय-फायच्या ड्रायव्हरने एक मिलिसेकंद प्रोसेसर अडवला की संपलं, आवाज तुटला. तेच ४८ किलोहर्ट्झ आणि २५६ बफर ठेवलात तर ५.३३ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे आठपट सवड. वर सेकंदाला मोजायचे नमुने निम्मे झाले, त्यामुळे कामही जवळजवळ निम्मं. पैसा न खर्चता यापेक्षा मोठा फरक दुसऱ्या कशानेच पडणार नाही.

९६ कशासाठी ठेवलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेकदा ‘मोठा आकडा म्हणजे चांगला आवाज’ अशा समजुतीने ठेवलेला असतो. ४८ किलोहर्ट्झला २४ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर पकडता येतात आणि माणसाचा कान २० च्या वर ऐकत नाही. घुमटाचा घुमार तर त्याच्या कितीतरी खाली असतो. आवाज सुधारायचा असेल तर माइक घुमटाच्या कातड्यासमोर ठेवायचा की मडक्याच्या मोकळ्या तोंडाकडे, यात अर्धा तास घालवा, त्याचं फळ सरळ कानाला कळतं. मात्र चालू प्रोजेक्टचा रेट नुसता ४८ करून थांबू नका. तसं केलं तर आधीच्या ९६ च्या फायली रीपर वाजवता वाजवता बदलत बसतो आणि तेही काम प्रोसेसरवरच पडतं. फाइल मेनूमधल्या बॅच कन्व्हर्टरने सगळ्या फायली एकदाच ४८ वर आणा. मूळ फायली वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा.

आता बफर. तुम्ही ६४ वर का गेलात हे मला कळतंय: गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत होता. पण विचार करा, तुमच्याकडे वाजणारं सगळं खरं वाद्य आहे. कीबोर्डवरून सॉफ्टवेअरचा पियानो वाजवत असता तर लहान बफरला पर्याय नव्हता, कारण तो आवाज संगणकातच जन्मतो. तुमचा गायक माइकसमोर गातोय, त्याचा आवाज संगणकात जाऊन परत यायची गरजच नाही. तुमच्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण किंवा घुंडी असेल, बहुतेक सगळ्यांवर असते. ती चालू करा आणि रीपरमध्ये त्या ट्रॅकचं रेकॉर्ड मॉनिटरिंग बंद करा. आवाज इंटरफेसमधूनच थेट कानात जाईल. मग बफर ५१२ ठेवा, १०२४ ठेवा, गायकाला फरक कळणार नाही. ड्रायव्हर आपला उशीर रीपरला सांगतो आणि रीपर रेकॉर्ड झालेली फाइल तेवढी मागे सरकवून जागेवर बसवतो. फक्त ड्रायव्हर इंटरफेसच्या कंपनीचाच असिओ (आवाजाला कमी उशीर लावणारा) ड्रायव्हर असायला हवा.

यावर गायक लगेच म्हणतो, कानात कोरडा आवाज येतोय, गाता येत नाही. तक्रार खरी आहे. देवळाच्या मंडपात किंवा घरच्या माटोळीखाली (गणपतीवरच्या फळापानांच्या छताखाली) गाण्याची सवय असलेल्या माणसाला अगदी कोरडा आवाज दिला की तो जोर लावायला लागतो आणि तिसऱ्या कडव्याला घसा बसतो. त्यावर माझा बरीच वर्षं वापरात असलेला उपाय सांगतो. कोरडा आवाज डायरेक्ट मॉनिटरमधून द्या. रीपरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग या वेळी चालू ठेवा, पण त्याचा मास्टरकडे जाणारा सेंड (आवाज पुढे पाठवणारी वाट) बंद करा. ट्रॅकमधून एकच सेंड एका रिव्हर्बच्या (मोठ्या जागेतल्या घुमण्याचा आभास देणाऱ्या प्लगइनच्या) ट्रॅकला द्या आणि त्या रिव्हर्बचा कोरडा भाग शून्य, ओला शंभर टक्के ठेवा. आता संगणकातून उशिरा येतो तो फक्त रिव्हर्ब. ४८ किलोहर्ट्झ आणि ५१२ बफरला जाऊन-येऊन २१ मिलिसेकंदांच्या वर उशीर होतो. कोरड्या आवाजाला एवढा उशीर गाणाऱ्याला वेडं करतो, कारण सात मीटरवरून आपलाच आवाज यावा तसं वाटतं. रिव्हर्बला मात्र तो शोभतो. मोठ्या सभामंडपात भिंतीवरून परत येणारा आवाज तेवढा उशीर घेऊनच येतो. टेक झाल्यावर मास्टर सेंड परत चालू करायला विसरू नका.

एवढं करून तुमची निम्म्याहून जास्त अडचण जावी. उरलेली कुठे आहे ते अंदाजाने शोधू नका, मोजा. रीपरच्या व्ह्यू मेनूमध्ये परफॉर्मन्स मीटर आहे. तो उघडा, त्यात प्रत्येक ट्रॅकसमोर त्याचा वाटा दिसतो. वर ‘लाँगेस्ट ब्लॉक’ म्हणून एक ओळ असते: सर्वांत जास्त रखडलेल्या तुकड्याला किती वेळ लागला आणि हाताशी किती होता, असे दोन आकडे तिरप्या रेघेने लिहिलेले असतात. पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळ गेला की चरचर जवळ आली. नुसत्या टक्क्यांपेक्षा माझा या ओळीवर जास्त भरवसा आहे. क्युबेस, लॉजिक किंवा एबलटन अशी दुसरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडेही असाच मीटर असतो, नाव वेगळं.

तुमच्या यादीतल्या प्लगइनमध्ये मला तीन जागा दिसतात.

पहिली मास्टरवर. रेकॉर्डिंग चालू असतानाच तुम्ही मास्टरवर लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीपलीकडे जाऊ न देणारा) आणि लिनिअर फेजचा ईक्यू (आवाजातले पट्टे कमी-जास्त करणारा) लावून ठेवला आहे. एका ट्रॅकवरची प्लगइनची माळ एकाच कोरवर चालते, कारण दुसऱ्या प्लगइनला पहिल्याचं उत्तर हातात आल्याशिवाय हलता येत नाही. मास्टर ही सगळ्यांत शेवटची माळ, बाकी सगळे तिथे येईपर्यंत तिला थांबावं लागतं. त्यात लिमिटरचं ओव्हरसॅम्पलिंग (नमुने वाढवून हिशेब करणं) आठपट असेल तर ९६ च्या प्रोजेक्टमध्ये तो आतल्या आत ७६८ किलोहर्ट्झवर हिशेब करतो. शिवाय लिनिअर फेज ईक्यू आणि लिमिटर पुढचं पाहून काम करतात, त्यामुळे ते स्वतःच आवाज थांबवून धरतात. बफर ६४ करूनही गायकाला उशीर जाणवत असेल, तर त्याचं कारण बहुधा हेच. रेकॉर्डिंग संपेपर्यंत मास्टर रिकामा ठेवा.

दुसरी जागा रिव्हर्ब. नऊ ट्रॅकवर नऊ वेगळे रिव्हर्ब आहेत, तेही खऱ्या जागेचा ठसा घेऊन चालणारे. हा प्रकार ऐकायला सुंदर आणि चालवायला महाग. पण सगळी माणसं एकाच मंडपात गाताहेत असं ऐकवायचं असेल तर रिव्हर्ब एकच हवा. एका ट्रॅकवर तो लावा आणि सगळ्यांकडून त्याला कमी-जास्त सेंड द्या. प्रोसेसर हलका होईलच, पण कोरस आणि घुमट एका जागेत बसल्यासारखे वाटतील. प्रोसेसरचं काम वाचलं नसतं तरी मी हे सांगितलं असतं.

तिसरी घुमटाच्या दोन्ही ट्रॅकवरचा पिच (पट्टी) बदलणारा प्लगइन. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने कातडं सैल पडतं, घुमट खाली उतरतं, म्हणून तुम्ही ते यंत्राने वर ओढलंय. पिच बदलणं हे प्रोसेसरला फार जड काम आहे आणि घुमटाच्या थापेची धार त्यात बोथट होते ती वेगळीच. घेताना घुमट शेकून घ्या, दर दोन आरत्यांनी पुन्हा शेका. मंडळातल्या जाणत्या वाजवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण रेकॉर्डिंगच्या घाईत तो संकोचतो आणि गप्प बसतो. त्याला तुम्हीच विचारा. जे घेऊन झालंय त्याला प्लगइन लागणारच, तर तो ट्रॅक फ्रीझ करा: ट्रॅकवर राइट क्लिक, मग रेंडर आणि फ्रीझच्या मेनूतून. प्लगइनचा परिणाम फाइलमध्ये उतरतो, प्रोसेसर मोकळा होतो आणि नंतर बदल करायचा तर अनफ्रीझ करता येतं.

रीपर एक चांगली सोय देतो. आधीच रेकॉर्ड झालेल्या ट्रॅकचं काम तो डीफॉल्टने २०० मिलिसेकंद आगाऊ करून ठेवतो. त्यामुळे नुसतं ऐकताना मीटर खाली असतो. पण ज्या ट्रॅकवर मॉनिटरिंग चालू आहे त्याचं काम आगाऊ करता येत नाही, गायकाने पुढे काय गायचंय ते संगणकाला कुठे ठाऊक? म्हणून ‘ऐकताना ठीक, घेताना चरचर’ हे लक्षण दिसलं की मी आधी जिवंत ट्रॅक आणि तो ज्या बसमधून (अनेक ट्रॅक एकत्र आणणाऱ्या ट्रॅकमधून) जातो तिथले प्लगइन तपासतो. कोरस घेताना सगळेच ट्रॅक आर्म (रेकॉर्डिंगसाठी तयार) आणि मॉनिटर करून ठेवू नका. लागेल तोच.

एक विचित्र लक्षण: गाणं थांबवलं, आवाज विरत गेला, आणि शांततेत मीटर वर चढला. असं दिसलं तर जुना प्लगइन शोधा. रिव्हर्बचं शेपूट विरताना आकडे इतके बारीक होत जातात की दशांश चिन्हानंतर सदतीस-अडतीस शून्यं येतात. असे अतिसूक्ष्म आकडे सोडवायला प्रोसेसरला नेहमीपेक्षा कितीतरी पट वेळ लागतो. नवे प्लगइन अशा आकड्यांना सरळ शून्य करून टाकतात, जुने फुकटातले काही करत नाहीत. प्लगइन बदलणं हाच त्यावर सरळ उपाय.

आता सॉफ्टवेअरच्या बाहेर या. विंडोजमध्ये पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा आणि रेकॉर्डिंग बॅटरीवर करू नका, बॅटरीवर लॅपटॉप वेग उतरवतो. चार्जर मूळचाच, पुरेशा वॅटचा हवा. कमी वॅटचा लावला की बरेच लॅपटॉप गुपचूप हळू होतात. मग लेटन्सीमॉन नावाचं मोफत साधन दहा मिनिटं चालवा. कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो ते ते नावानिशी सांगतं. मी पाहिलेल्या मशीनमध्ये वाय-फाय आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघे सर्वांत जास्त वेळा सापडले. वाय-फाय टेक घेताना बंद ठेवा, तेवढ्याने बहुतेक वेळा भागतं. अँटिव्हायरसला प्रोजेक्टचा फोल्डर तपासू नकोस म्हणून सांगा, क्लाउडवर फायली चढवणारं जे काही चालू असेल ते थांबवा.

हे सगळं मी पैसे घालवून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत माझ्याही हेडफोनमध्ये अशीच चरचर होती, एका दुकानात सल्ला मिळाला तसा मी जुना संगणक देऊन दुप्पट वेगाचा घेतला. घरी आणला, जोडला, तीच चरचर. दोष निघाला चार रुपयांच्या गोष्टीत: इंटरफेस, माउस आणि बाहेरची डिस्क मी एकाच स्वस्त यूएसबी हबवर लावली होती. इंटरफेस थेट संगणकाच्या पोर्टला लावला आणि आवाज स्वच्छ झाला. जुना संगणक तोवर विकून झाला होता. तुमचा इंटरफेस कुठे लावलाय ते आजच बघा.

शेवटची आणि आपल्याकडे फार दुर्लक्षित गोष्ट, उष्णता. डिचोलीला एका घरी श्रावणात भजनं घेत होतो. पहिली वीस मिनिटं सगळं सुरळीत, मग चरचर. लॅपटॉप बंद करून तासाभराने लावला की पुन्हा वीस मिनिटं ठीक. मी दोन संध्याकाळी प्लगइन काढत-घालत बसलो. तिसऱ्या दिवशी एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं साधन उघडून ठेवलं आणि बघत राहिलो: तापमान ९७ अंशांवर गेलं आणि त्याच क्षणी प्रोसेसरचा वेग ३ गिगाहर्ट्झवरून निम्म्यावर आला. चरचर तिथेच सुरू झाली. प्रोसेसर स्वतःला जळण्यापासून वाचवत होता. मागचं झाकण काढलं तर पंख्याच्या तोंडाशी धुळीची नमद्यासारखी जाड पट्टी बसलेली. लॅपटॉप देवघराच्या खोलीत असायचा. समईच्या तेलाची वाफ, धूप आणि किनारपट्टीची दमट हवा यांनी धूळ चिकट करून ठेवली होती, नुसत्या फुंकरीने ती हललीच नाही. मऊ ब्रशने खरवडून काढली, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. त्या रात्री तेच प्रोजेक्ट दोन तास चाललं आणि तापमान ८० च्या आतच राहिलं.

तुमची चरचर किती मिनिटांनी सुरू होते ते लिहून ठेवा. सुरुवातीपासून असेल तर बफर, रेट आणि प्लगइन. ठरावीक वेळाने सुरू होत असेल तर पंखा. मध्येच केव्हाही एखादा टक्क असा आवाज येत असेल तर ड्रायव्हर किंवा यूएसबी. लॅपटॉप गादीवर किंवा चादरीवर ठेवून काम करू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. रेकॉर्डिंगच्या खोलीत पंखा आणि एसी बंद करावे लागतात हे खरं, म्हणून दर तीन टेकनंतर दहा मिनिटं ते चालू करून माणसांना आणि मशीनला हवा द्या.

८ जीबी रॅम तुमच्या कामाला पुरते, कारण तुमच्या प्रोजेक्टमध्ये सॅम्पल लायब्ररी नाहीत. फक्त ब्राउझर बंद ठेवा. लॅपटॉपची डिस्क जुन्या फिरत्या तबकडीची असेल तर मात्र एसएसडी टाकून घ्या, तो खर्च वसूल होतो.

हे सगळं करूनही लाँगेस्ट ब्लॉकचा पहिला आकडा दुसऱ्याला भिडत असेल, तेही ४८ किलोहर्ट्झ आणि ५१२ बफरवर, मास्टर रिकामा असताना, तर मशीन खरंच कमी पडतंय. तेव्हा विकत घेताना कोर किती यापेक्षा एका कोरचा वेग किती, हे आधी विचारा, आणि पंख्याची बांधणी दणकट असलेला थोडा जाड लॅपटॉप निवडा. पातळ आणि देखणा मशीन दुकानात पाच मिनिटं छान धावतो, तुम्हाला तो दोन तास धावायला हवा. दुकानात जाताना इंटरफेस आणि हेच प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर घेऊन जा, तिथेच लावून अर्धा तास वाजवून बघू द्या म्हणा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा.

आणि चवथीला दिवस कमी उरलेत, म्हणून क्रम असा धरा: आज मास्टर रिकामा करा, डायरेक्ट मॉनिटर चालू करा, बफर ५१२ करा. एवढ्यावर उद्याचा कोरस घेता येईल. रेट बदलणं, रिव्हर्ब एकत्र आणणं, पंखा साफ करणं ही कामं त्यानंतर, गायक घरी गेल्यावर.